दम लागतो, पण रिपोर्ट नॉर्मल



आपल्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक घरी एक प्लास्टिकची पिशवी असते. खिळ्याला अडकवलेली, नाहीतर कपाटावर ठेवलेली. तिच्यात एक्स-रेच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, केसपेपर आणि मेडिकलची बिले असतात. आम्ही आरोग्याच्या कामासाठी घरोघरी जातो तेव्हा बायाबापड्या ही पिशवी आमच्यासमोर ओततात आणि विचारतात, "सिस्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणतात. मग मला जिना का चढवत नाही?"

नोकरीत असताना वॉर्डात आम्ही हाच प्रश्न शेकडो वेळा ऐकला. सफाईचे काम करणारी एक मावशी आमच्या ओपीडीत तीनदा आली होती. तीनही वेळा छातीचा एक्स-रे साफ निघाला. तिसऱ्या वेळी तिला सांगण्यात आले, "तुम्हाला काही झालेले नाही, मनातून काढून टाका." मावशी गप्प उठली आणि निघून गेली. तेव्हा आम्हीही गप्प राहिलो. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे माणूस नॉर्मल आहे, असेच आम्हालाही शिकवलेले होते.

आज आम्ही ठामपणे म्हणतो की ते शिकणे अपुरे होते. यंत्राला दिसले नाही याचा अर्थ आजार नाही, असा होत नाही. हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही, विज्ञानाच्या आधारावर म्हणतो. एमआरआयचा अतिशय क्षीण सिग्नल प्रकाशाच्या मदतीने हजारो पटींनी वाढवण्याची एक पद्धत शास्त्रज्ञांनी तयार केली आहे. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये जे दिसत नव्हते ते फुफ्फुसातले दुखणे या पद्धतीने दिसू लागले आहे. ही पद्धत काय आहे आणि तिचा आपल्याशी काय संबंध आहे, ते या वेळच्या आरोग्य पानावर समजून घेऊ.

यंत्राला का दिसत नाही?

एक्स-रे आणि सीटी स्कॅन आपल्याला फुफ्फुसाचा आकार दाखवतात. डाग आहे का, पाणी साठले आहे का, गाठ आहे का, हे त्यात कळते. पण श्वासाबरोबर घेतलेली हवा फुफ्फुसाच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचते का आणि तिथून ती रक्तात उतरते का, हे साध्या फिल्मवर दिसत नाही. घराचा फोटो काढला तर भिंती दिसतात, नळाला पाणी येते की नाही ते दिसत नाही. तसेच हे आहे.

मग एमआरआय करावा का? त्यातही फुफ्फुसाची अडचणच आहे. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखी किरणे नसतात. ते यंत्र म्हणजे एक मोठे, फार ताकदीचे चुंबक असते. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी आहे, त्यांत हायड्रोजन आहे. प्रत्येक हायड्रोजनचे अणुकेंद्रक हे एक इवलेसे चुंबक असते. मोठ्या चुंबकात माणूस झोपला की ही इवलीशी चुंबके रांगेत उभी राहतात. मग यंत्र रेडिओ लहरी सोडते, ती चुंबके उत्तर देतात आणि त्या उत्तरातून चित्र तयार होते. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हे उत्तर फार हळू आवाजातले असते. का, ते एका उदाहरणाने सांगतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर दहा लाखांचा जनसमुदाय जमला आहे असे समजा. त्यातले निम्मे लोक समुद्राकडे तोंड करून घोषणा देत आहेत आणि निम्मे रस्त्याकडे. समजा, या दोन घोषणा एकमेकींना पुसून टाकतात. आता समुद्राकडे तोंड केलेले लोक फक्त पाच जणांनी जास्त असतील, तर दहा लाखांच्या गर्दीतून त्या पाचांचाच काय तो आवाज ऐकू येईल. एमआरआयमध्ये अगदी हेच घडते. आपल्या इस्पितळांत सर्रास असणाऱ्या १.५ टेस्ला ताकदीच्या यंत्रात दर दहा लाख अणुकेंद्रकांमागे सुमारे पाचच जास्तीची असतात. ३ टेस्लाच्या महागड्या यंत्रात ती दहाच्या आसपास जातात. बाकी सगळी एकमेकांना रद्द करतात.

मेंदू, मणका, गुडघा यांत पाणी भरपूर आहे, त्यामुळे इतक्या थोडक्या आवाजावरही चित्र निघते. फुफ्फुसात मात्र बहुतांश हवाच असते. तिथे हायड्रोजन कमी. शिवाय हवा आणि पेशी यांच्या असंख्य सीमा असल्यामुळे जो थोडा सिग्नल येतो तोही झटकन विरून जातो. म्हणून साध्या एमआरआयमध्ये फुफ्फुसाच्या जागी काळा अंधार दिसतो.

प्रकाश काय करतो?

मोठ्यात मोठे चुंबक आणले तरी पाचाचे दहा होतात, दहाचे वीस होतात. म्हणून शास्त्रज्ञांनी वाट बदलली. आल्फ्रेड कास्टलर या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रकाशाच्या साहाय्याने अणूंना एका दिशेला वळवण्याची पद्धत मांडली होती. तिच्यासाठी त्यांना १९६६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच पायावर पुढची इमारत उभी राहिली.

त्यासाठी झेनॉन नावाचा गॅस वापरतात. तो आपल्या हवेतच असतो, पण अगदी नाममात्र. हवेच्या एक कोटी भागांत एक भागही झेनॉन नसतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो शरीरातल्या कशाशी सहसा रासायनिक क्रिया करत नाही. इथे वापरतात तो झेनॉन-१२९ हा प्रकार किरणोत्सारी नाही.

काचेच्या एका भांड्यात रुबिडियम नावाच्या धातूची वाफ आणि झेनॉन एकत्र ठेवतात. त्यावर लेझरचा प्रकाश सोडतात. हा प्रकाश लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा असतो आणि मळसूत्रासारखा एकाच बाजूने वळत पुढे जातो. प्रकाशाचा कण आपली ही फिरकी रुबिडियमच्या इलेक्ट्रॉनला देतो. रुबिडियम झेनॉनवर आदळते आणि ती फिरकी झेनॉनच्या अणुकेंद्रकाला देते. पाण्याच्या टँकरपासून घरापर्यंत आपण हंडे हातोहात पुढे देतो, तसाच हा प्रकार: प्रकाशाकडून रुबिडियमला, रुबिडियमकडून झेनॉनला. हे काही काळ चालू राहिले की झेनॉनची अणुकेंद्रके मोठ्या संख्येने एकाच दिशेला तोंड करून उभी राहतात. साध्या एमआरआयमध्ये दहा लाखांत पाच होती, इथे शंभरातली वीस-तीस किंवा त्याहून जास्त एका बाजूला येतात. सिग्नल दहा हजार पटींहूनही अधिक वाढतो.

त्यानंतर रुबिडियम वेगळे काढतात आणि नुसता झेनॉन एका पिशवीत भरतात. रुग्ण एमआरआयच्या यंत्रात झोपतो. छातीभोवती जाकिटासारखे एक साधन बांधलेले असते. पिशवीतला गॅस तो श्वासाबरोबर आत घेतो आणि दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून धरतो. तेवढ्यात चित्र निघते. फुफ्फुसातल्या ऑक्सिजनमुळे झेनॉनची ही तयारी थोड्याच वेळात ओसरते, म्हणून सगळे झटपट करावे लागते. काही जणांना क्षणभर गरगरल्यासारखे होते, ते लगेच जाते. तपासणी चालू असताना ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. लेझरचा प्रकाश रुग्णाच्या अंगावर किंवा अंगात सोडत नाहीत. प्रकाशाचे काम बाहेर, काचेच्या भांड्यातच संपते. शरीरात जातो तो फक्त गॅस.

चित्रात काय दिसते?

जिथे हवा पोहोचते तिथे फुफ्फुस उजळ दिसते. जिथे पोहोचत नाही तिथे काळे राहते. दमा असो, धुराने बारीक श्वासनळ्या अरुंद झालेल्या असोत, कुठला भाग बंद आहे ते सरळ दिसते.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. झेनॉन रक्तात विरघळतो. तो हवेच्या पोकळीत असताना एक सूर देतो, फुफ्फुसाच्या पातळ पडद्यात शिरला की दुसरा सूर देतो आणि तांबड्या पेशींपर्यंत पोहोचला की तिसरा. म्हणजे श्वासातली हवा रक्तात उतरते की मध्येच अडते, हे एमआरआयला ऐकू येते. ऑक्सिजनचा प्रवासही याच वाटेने होतो.

१९९४ मध्ये अमेरिकेत उंदराच्या फुफ्फुसाचे असे पहिले चित्र काढले गेले. त्यानंतर माणसांवर अभ्यास झाले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फुफ्फुसात हवा कशी खेळते ते पाहण्यासाठी, बारा वर्षांवरील रुग्णांकरिता, या गॅसला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये शेफील्ड आणि ऑक्सफर्ड इथल्या तज्ज्ञांनी कोविडमधून बरे झालेल्या, पण महिनोन्‌महिने धाप लागणाऱ्या रुग्णांना तपासले. त्यांचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. रुग्णांचे सीटी स्कॅन साफ किंवा जवळजवळ साफ होते, तरी झेनॉनच्या चित्रात हवा रक्तात नीट उतरत नसल्याचे दिसले. पुढे इस्पितळात कधीच दाखल न झालेल्या काही जणांमध्येही तसेच आढळले. हे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे होते, त्यांतून सगळे सिद्ध झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी पक्की केली. ती माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांचे दुखणे मनातले नव्हते. जुन्या यंत्राची नजर तिथपर्यंत पोहोचत नव्हती, इतकेच.

आमच्या ओपीडीतल्या त्या मावशीला नेमके काय झाले होते, ते आम्हाला आजही माहीत नाही. पण तिला "मनातून काढून टाका" म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, हे आता माहीत आहे.

याच दिशेने आणखी एक वाट निघाली आहे. जपानमध्ये ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये पेंटासीन नावाचा पदार्थ थोड्या प्रमाणात मिसळलेल्या स्फटिकावर लेझरचा प्रकाश सोडला आणि रेडिओसारख्या सूक्ष्म लहरींच्या मदतीने त्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांपैकी सुमारे ३४ टक्क्यांइतका एका दिशेचा कल मिळवला. तोही खोलीतल्या साध्या तापमानाला. शरीरातली साखर पेशी कशी वापरतात आणि कॅन्सरच्या गाठीवर औषध लागू पडते का, हे पाहण्यासाठी सिग्नल वाढवलेली द्रव्ये टोचून एमआरआय करण्याचे प्रयोग जगात चालू आहेत. पण आजवरच्या मुख्य पद्धतीत ते द्रव्य उणे २७० अंशांच्या आसपास गोठवावे लागते. प्रकाशाने हे काम साध्या तापमानात साधले, तर खर्चाचा आणि यंत्रसामग्रीचा मोठा भार कमी होईल. ते अजून प्रयोगशाळेतच आहे.

"आम्हाला साधा एक्स-रे मिळेना, झेनॉन कशाला?"

हा प्रश्न आमच्या कार्यकर्त्या बहिणी आम्हालाच विचारतात आणि तो रास्त आहे. सरकारी इस्पितळात एमआरआयसाठी तारीख मिळते. तारखेला गेले की यंत्र बंद असते. बाहेर करायचा तर हातातली पाटली गहाण पडते. अशा स्थितीत हे परदेशी कौतुक कशाला सांगता?

आमचे उत्तर असे आहे. नवे तंत्रज्ञान आपल्यासाठी नाही, असे आपणच ठरवले तर ते खरोखरच आपल्यासाठी राहणार नाही. ते वरच्या मजल्यावरच्या एसी खोल्यांत जाईल आणि आपण खाली रांगेत उभे राहू. बाबासाहेबांनी आपल्याला जे उरेल ते घ्या असे कधी शिकवले नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, आपण ज्याला ईएसआय म्हणतो, तो उभा राहिला. देश युद्धाच्या खाईत होता, लोकांना धान्य मिळत नव्हते, तरीही कामगाराच्या आरोग्याचा विचार पुढे ढकलला गेला नाही.

दुसरे म्हणजे, या पद्धतीत आपल्या फायद्याचे एक बीज आहे. साध्या एमआरआयमध्ये सिग्नल वाढवायचा तर चुंबक मोठे करावे लागते. मोठे चुंबक म्हणजे द्रवरूप हेलियम, खास खोली, प्रचंड वीज आणि कोटींचा खर्च. पण प्रकाशाने तयार केलेला झेनॉन आपली ताकद बाहेरून घेऊन येतो. त्याला तेवढ्या मोठ्या चुंबकाची गरज नसते. त्यामुळे कमी ताकदीच्या, स्वस्त यंत्रातही फुफ्फुसाचे चित्र काढता येऊ शकते. अवाढव्य यंत्राऐवजी आटोपशीर यंत्र जिल्ह्याच्या, तालुक्याच्या इस्पितळात बसू शकेल, अशी ही वाट आहे. झेनॉन दुर्मिळ आहे, महाग आहे, लेझरची सामग्री लागते, प्रशिक्षित माणसे लागतात, हे सगळे खरे. पण संशोधन कोणत्या वाटेने न्यायचे, महाग यंत्र आणखी महाग करायचे की स्वस्त यंत्राला समर्थ करायचे, हे पैसा लावणारे ठरवतात. सरकारचा पैसा हा आपलाही पैसा आहे. म्हणून आपण बोलले पाहिजे.

आणि फुफ्फुसाचा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त कोणाचा आहे? गटारात कोण उतरते? रस्ता कोण झाडते? खडी कोण फोडते? कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी कोणाची घरे आहेत? देवनारच्या डंपिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा तो धूर कोणाच्या झोपडीत आधी शिरला? जातीने ज्याला जे काम नेमून दिले, त्या कामाची धूळ पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या छातीत साठत आली आहे.

यंत्र कोणावर तपासले?

यंत्राला जात नसते असे म्हणतात. आम्हीही तसेच समजत होतो. पण यंत्र कोणावर तपासून बाजारात आणले, हा प्रश्न विचारावाच लागतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता घराघरांत आहे. तोही प्रकाशावरच चालतो. एक लाल आणि एक न दिसणारा असे दोन प्रकाश बोटातून पलीकडे सोडतो आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या इस्पितळांच्या नोंदींवरून असे प्रसिद्ध झाले की, कातडी काळी असलेल्या रुग्णांमध्ये खरा ऑक्सिजन कमी असूनही यंत्र तो ठीक दाखवते, आणि अशी चूक गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. म्हणजे यंत्राचा आकडा बरा म्हणून माणसाला खाट नाकारली जाऊ शकते.

फुंकण्याच्या तपासणीचा इतिहासही असाच आहे. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात सॅम्युएल कार्टराईट नावाचा डॉक्टर म्हणत असे की काळ्या माणसांची फुफ्फुसे जन्मतःच दुबळी असतात आणि त्यांना राबवणे त्यांच्याच तब्येतीला चांगले. त्या विचाराची सावली तपासणीच्या आकड्यांवर शतकभर राहिली. काळ्या माणसांसाठी आणि आशियाई माणसांसाठी 'नॉर्मल' ची पट्टीच खाली धरली जाई. त्यामुळे आजारी फुफ्फुसही कागदावर ठीक ठरे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने अखेर २०२३ मध्ये वंश पाहून आकडे बदलण्याची पद्धत सोडा, अशी शिफारस केली.

म्हणून झेनॉनची तपासणी उद्या भारतात रुजेल तेव्हा तिची 'नॉर्मल' ची पट्टी कोणाच्या फुफ्फुसांवरून ठरणार, हे आपण आजच विचारले पाहिजे. तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून, मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. यंत्रालाही तोच न्याय लावायचा.

आज आपण काय करायचे?

ही तपासणी आपल्या जवळच्या सेंटरवर होत नाही. कोणी 'लेझर एमआरआय' किंवा 'प्रकाशाचा एमआरआय' करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. पण हातात असलेल्या साध्या तपासण्या नीट करून घेणे आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट. दम लागतो आणि एक्स-रे नॉर्मल आहे, तर तिथे थांबू नका. फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करायची का, असे डॉक्टरांना विचारा. दम फक्त फुफ्फुसामुळे लागत नाही. रक्त कमी असले तरी लागतो, हृदय कमजोर असले तरी लागतो. म्हणून हिमोग्लोबिन आणि ईसीजीही पाहून घ्या. आपल्या भगिनींमध्ये रक्त कमी असणे फार आहे, त्याकडे दुर्लक्ष नको.

दुसरी गोष्ट. ऑक्सिजन बसून मोजला तेवढा पुरत नाही. कोविडच्या काळात सहा मिनिटे चालून ऑक्सिजन मोजायला आपण शिकलो होतो. तेच करा. चालल्यावर आकडा तीन किंवा त्याहून जास्त घसरला किंवा ९४ च्या खाली गेला, तर डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळसर होत असतील, छातीत दुखत असेल, तर चालण्याची परीक्षा करत बसू नका, तडक इस्पितळ गाठा. आकडा चांगला आहे पण त्रास वाढतो आहे, तर आकड्यापेक्षा त्रासावर विश्वास ठेवा.

तिसरी गोष्ट. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात आणि टीबीचे औषधही फुकट मिळते. टीबीचा कोर्स पूर्ण झाला, थुंकी साफ झाली, तरी दम राहिला असेल तर तो सांगा. टीबी गेल्यावरही फुफ्फुसात मागे नुकसान राहू शकते.

चौथी गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची. केसपेपरवर आपले काम लिहून घ्या. "मजुरी" एवढेच नको. किती वर्षे गटार साफ केले, किती वर्षे खडीच्या मशीनवर होतो, किती वर्षे चुलीसमोर बसून स्वयंपाक केला, ते सांगा आणि लिहायला लावा. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्याने धंद्यातून होणारा आजार मानला आहे. ईएसआयच्या यादीतही तो आहे. पण कागदावर कामच लिहिले नसेल तर भरपाई कशाच्या आधारावर मागणार? एक्स-रेच्या जुन्या फिल्म फेकू नका.

पाचवी गोष्ट. कोणत्याही कारणाने एमआरआय करायला सांगितला तर घाबरू नका. त्यात एक्स-रेची किरणे नसतात. आवाज मोठा येतो, कानाला लावायला देतात. पण अंगात पेसमेकर, रॉड, प्लेट, क्लिप किंवा लोखंडाचा कण असेल तर आधी सांगा. अंगावरचे सगळे धातूचे काढून ठेवा. गरोदर असाल तर तेही सांगा.

आमची मागणी

विहारात दर महिन्याला एक रविवार श्वासासाठी ठेवा. ऑक्सिमीटर, वजनकाटा, एक वही आणि आशाताई, एवढ्यावर सुरुवात होते. कोणाला दम लागतो, किती वर्षांपासून, कोणते काम केले, हे नोंदवा. सहा महिन्यांनी ती वही घेऊन नगरसेवकाकडे आणि आरोग्य अधिकाऱ्याकडे जा. मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी इस्पितळात फुंकण्याची तपासणी चालू हवी. सफाई कामगारांची आणि धुळीत काम करणाऱ्यांची फुफ्फुसे दरवर्षी फुकट तपासली जावीत. आणि झेनॉनसारख्या नव्या पद्धतीवर सरकारी पैशातून संशोधन होईल तेव्हा ते सार्वजनिक इस्पितळात व्हावे, वस्तीतल्या माणसांची संमती घेऊन, त्यांना फायदा पोहोचेल अशा रीतीने व्हावे.

आणि आपल्या मुलामुलींना सांगा की भौतिकशास्त्र म्हणजे फक्त परीक्षेचा विषय नाही. प्रकाशाचे तंत्र समजून यंत्र बनवणारी मुले आपल्या वस्तीतून निघाली, तर 'नॉर्मल' ची पट्टी ठरवताना तिथे आपलाही माणूस बसलेला असेल.

चैत्यभूमीच्या गर्दीचे उदाहरण आम्ही वर दिले. दहा लाख माणसे असूनही तोंडे दोन दिशांना असली तर आवाज पाचांचाच निघतो. वस्तीत गट आहेत, पक्ष आहेत, पोटजाती आहेत, आणि आपली तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. निदान श्वासाच्या प्रश्नावर तरी ती एका दिशेला वळवू. पुढच्या वेळी ओपीडीत एखाद्या मावशीला "मनातून काढून टाका" असे सांगितले गेले, तर तिने गप्प उठून जाऊ नये. तिच्यासोबत आपल्यातले कोणीतरी उभे असावे आणि म्हणावे, "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे, पण माणसाला दम लागतो. पुढची तपासणी लिहून द्या."

जय भीम! नमो बुद्धाय!